कुंचलाशिखराची फाइल

२ सप्टेंबर, सकाळी ७:१५, बसथांबा

आज नोकरीचा पहिला दिवस. जिल्हा कार्यालय, जमीन-नकाशा विभाग. सहा महिने उमेदवारी, मग कायम. बस ८:०५ची आहे, मी ६:५० पासून इथे आहे. उशिराची भीती म्हणून नाही. सवय लागावी म्हणून.

संकल्प: दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा माफी मागायची नाही.

संध्याकाळी ६:३०

माफी: अकरा वेळा. त्यातली एक दरवाजाची.

पाण्याच्या यंत्रामागे भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा आहे. आमच्या आनगोल गावाजवळच्या डोंगरावर छापलंय: ‘समोरचा डोंगर’. तीनदा वाचलं. तो आमच्या घराच्या मागे आहे. आणि त्याचं नाव कुंचलाशिखर आहे. लिहायच्या कुंचल्याच्या टोकासारखं टोक असलेलं शिखर. अशा शिखराच्या पायथ्याशी विद्वान जन्मतात. सरकारी नकाशात एवढी मोठी चूक, आणि लोक तिच्यासमोर उभे राहून पाणी पितात.

४ सप्टेंबर

पांग साहेबांना विचारलं. (आमचे टीम लीडर. पंचावन्न वर्षांचे. टेबलाखाली पाय चोळायचं यंत्र.) चुकीचं नाव दुरुस्त कसं करतात? म्हणाले, करत नाहीत. मग माझा चेहरा पाहून म्हणाले, करता येतं: अर्ज, डोंगराच्या दोन्ही बाजूंच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या साक्षी, फेब्रुवारीत जिल्ह्याची स्थाननाम समिती, मग प्रांताची, मग राजपत्र. मागची बैठक अकरा वर्षांपूर्वी एका ओढ्यावरून झाली. तेव्हापासून दोन सभासद एकमेकांच्या घरी लग्नालासुद्धा जात नाहीत.

नियमावली घरी आणली. तीन नियम महत्त्वाचे. तिथले लोक आज जे नाव वापरतात तेच खरं. जिवंत माणसाचं नाव कशालाही द्यायचं नाही. दोन गावांत दोन नावं असतील तर दोघांना मान्य असलेलं एकच. पहिला नियम लाल शाईने अधोरेखित करून फाइलीच्या पहिल्या पानावर चिकटवला. पाया पक्का पाहिजे.

फाइलीसाठी नोंद: या प्रकरणात माझा कसलाही वैयक्तिक संबंध नाही.

६ सप्टेंबर, रविवार

वैयक्तिक संबंध कसा नाही ते सविस्तर लिहून ठेवते, पुढे कोणी विचारलं तर.

मी सात वर्षांची असताना आमच्या गावची शाळा बंद पडली. विद्यार्थी दोन, त्यातली एक मी, दुसरी लस टोचायला शहरात गेली ती मामाकडेच राहिली. गावातून शहरात जाणारी बस सुरू व्हायला दोन वर्षं लागली. ती दोन वर्षं मी आजोबांकडे शिकले. आजोबा कधीच मास्तर नव्हते, बियाण्यांच्या गोदामात होते. पण गावातल्या सगळ्या श्राद्धांच्या कागदांवर अक्षर त्यांचं, म्हणून सगळे त्यांना मेंग मास्तर म्हणतात. मागच्या खिडकीशी माझं बैठं टेबल. खिडकीत डोंगर. मी पेंगले की आजोबा म्हणत, “दासोम, कुंचला बघतोय.” मी आजही त्या डोंगराकडे पाठ करून बसू शकत नाही. भरतीची परीक्षा चौथ्या खेपेला पास झाले ती त्याच्यामुळे.

तर संबंध नाही. माहितीचा स्रोत माझे आजोबा असणं हा योगायोग.

दुपारी आजोबांना (वय अठ्ठ्याऐंशी) सांगितलं, पुढच्या नकाशावर तुमचं शिखर तुमच्या नावानिशी असेल, हे माझं वचन. त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, जेवलीस का.

भरून आलं असावं त्यांना.

१२ सप्टेंबर, शनिवार

आनगोलच्या समाजघरात पहिली भेट. म्हाताऱ्या माणसांकडे रिकाम्या हाताने जात नाहीत, म्हणून शहरातून तॉक नेला: तांदळाच्या पिठाचा, उकडलेला, वर लाल चवळीचा थर, चौकोनी तुकडे. सात आज्या खालून तापवलेल्या फरशीवर पत्ते खेळत होत्या. मी गुडघे टेकून, कुठलंही उत्तर न सुचवता, विचारलं: या डोंगराला आपण काय म्हणता?

निकाल. ‘मागचा डोंगर’: तीन. नुसता ‘डोंगर’: दोन. ‘आमचे हे जिथे आहेत तो’: एक (ओकबुन आजी, एक्क्याण्णव वर्षं, यजमानांची समाधी तिथे आहे). एक आजी म्हणाली, गुडघे गेल्यापासून तिने डोंगराचा विषय सोडलाय.

‘कुंचलाशिखर’: शून्य.

सुरुवातीला धक्का बसला. मग परतीच्या बसमध्ये उलगडलं. थोरामोठ्यांचं नाव आपण तोंडावर घेत नाही. त्या डोंगराचंही घेत नाहीत. इतका आदर मी कल्पिला नव्हता.

१९ सप्टेंबर

दुसरी भेट. तॉक. आज हातात कुंचला होता, निव्वळ टिपणं घेण्यासाठी. दोनदा डोंगराच्या दिशेने धरला. ओकबुन आजींनी विचारलं, भिंत रंगवायला आलीस का.

एक सूचना मिळाली: पुढच्या वेळी चवळी नको, कवळीत अडकते.

३ ऑक्टोबर

पलीकडच्या सेमाल गावात गेले. तिथले गावप्रमुख थाक काका. मिरच्यांचं शेत, आवाज असा की गावाला लाउडस्पीकर लागतच नाही. निष्पक्षपणा म्हणून आनगोलला नेला तेवढाच, तसाच तॉक नेला, वजन करून.

काकांचं म्हणणं: नकाशा बरोबर आहे. त्यांच्या गावातली सगळी दारं त्या डोंगराकडे उघडतात. साठ वर्षांपूर्वी मोजणीदार त्यांच्या वडिलांच्या ओटीवर जेवला, हात धुताना त्याने विचारलं आणि वडिलांनी समोर बोट दाखवलं. मी नम्रपणे म्हणाले की आनगोलकरांना तो पाठीमागे येतो.

“मग आनगोलकरांना सांग, वळून उभे राहा,” काका म्हणाले.

या मुद्द्याला शास्त्रीय उत्तर तयार करते आहे. सध्या सहा पानं झाली.

१९ ऑक्टोबर

सकाळी जाग आली ती एकच विचार घेऊन: साक्षीदारांना तॉक देणं ही लाच तर नाही? तपासणी विभागाला लेखी विचारलं. तुकड्यांची संख्या, मापं, चवळीसह आणि चवळीविना, सगळं जोडलं. दुपारी उत्तर आलं: कर्मचाऱ्याने घेऊ नये असं नियमात आहे, कर्मचारीच देत सुटला तर काय, याचा विचार कोणी केलेला नाही, तरी नमुना पाठवावा.

नमुना पाठवला. उत्तर आलं नाही. त्यांनी आणखी एक नमुना मागवला.

७ नोव्हेंबर

आठवी भेट. गावात वर्षाचं किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचं काम चाललं होतं. मी साक्ष घ्यायला बसले, तेवढ्यात कोणीतरी हातात रबरी मोजे घातले. पाच तास कोबीला मीठ चोळलं. साक्ष एकही नाही.

एक गोष्ट खटकली. ओकबुन आजी मुलीशी फोनवर बोलत होत्या. मुलीने विचारलं असावं की तिथे कोणाचा आवाज येतोय. आजी म्हणाल्या, “ती गं, तॉकाच्या डोंगराची पोरगी.” सगळ्या हसल्या.

मी जिल्हा कार्यालयाची अधिकृत प्रतिनिधी आहे. (उमेदवार.) नोंद केली नाही, अनौपचारिक बोलणं पुराव्यात धरत नाहीत.

संकल्प: पुढच्या भेटीपासून तॉक बंद.

१४ नोव्हेंबर

तॉक नेला. थंडी होती.

२८ नोव्हेंबर

तॉक न नेण्याचा प्रयोग केला. दार उघडून मालसुन आजींनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग मागे रस्त्यावर पाहिलं, मग म्हणाल्या, आज डोंगराचं काही काम नाही वाटतं. मी माफी मागितली. थांब्यापर्यंत परत गेले आणि तिथल्या दुकानातला, पाकिटातला, आणला. दुकानातला त्यांना आवडला नाही. पुन्हा माफी.

यापुढे असले प्रयोग नाहीत. काम महत्त्वाचं, साधनाचा वाद कशाला.

१० डिसेंबर

सर्वेक्षण विभागाने डोंगराचे ड्रोनने फोटो काढून दिले. पांग साहेबांनी ते पडद्यावर उघडले आणि विचारलं, टोक कुठे आहे?

खरं सांगायचं तर वरून तो सपाट दिसतो. रुंद, गुळगुळीत, कडा जरा गोलसर. मी साहेबांना समजावलं की कुंचला वरून बघायची वस्तूच नाही. टोक दिसतं आमच्या मागच्या खिडकीतून, डाव्या कोपऱ्यात उभं राहिलं तर, हिवाळ्यात, सकाळी नऊच्या आत, मान थोडी उजवीकडे वळवून. साहेब म्हणाले, असं बघितलं तर त्यांची बायकोपण हसताना दिसते.

फॉर्ममध्ये ‘आकार’ असा एक रकाना आहे. तिथे शाईने लिहिलं: कुंचल्याच्या टोकासारखा. पेन्सिलीने लिहिणं म्हणजे शंका असल्यासारखं दिसलं असतं.

९ जानेवारी

आजोबांची साक्ष घ्यायची असं ठरवलं. आप्तस्वकीय म्हणून मी स्वतः घेऊ नये. पण दुसरं कोणी यायला तयार नाही. म्हणून मी खोलीबाहेर गेले, दार वाजवलं, ओळखपत्र दाखवून आत आले.

विचारलं: कुंचलाशिखर हे नाव आपण कोणाकडून ऐकलंत? आजोबा म्हणाले, कंबर धरलीय. मी थांबले. विचारलं: आपल्या वडिलांकडून? म्हणाले, वडील त्याला काही म्हणत नसत, ते तिथे फक्त सरपण आणायला जात. विचारलं: मग हे नाव कधीपासून वापरात आहे?

आजोबांनी बोटांवर मोजलं. “तू सात वर्षांची होतीस तेव्हापासून,” ते म्हणाले.

लिहून घेतलं. म्हणजे किमान एकोणीस वर्षांचा अखंड वापर, तोही साक्षीदाराच्या तोंडून. एवढा ठोस पुरावा ‘समोरचा डोंगर’वाल्यांकडे नाही, त्यांच्याकडे नुसता हात धुणारा मोजणीदार आहे.

सही करताना आजोबा म्हणाले, हे सगळं एवढं लागतं का गं? मी म्हणाले, लागतं. ते म्हणाले, थोडं खाऊन घे.

८ फेब्रुवारी, नव्या चांद्रवर्षाचा दुसरा दिवस

दोन्ही गावांत नमस्काराला गेले. एकविसावी भेट. तॉक. वातावरण अतिशय अनुकूल. थाक काकांनीसुद्धा मला आत बसवलं आणि सुनेला हाक मारून सांगितलं की डोंगरवाली आली, चहा टाक. सेमालच्या सगळ्या आज्या मला आता नावाने ओळखतात. म्हणजे नावाने नाही, पण ओळखतात.

विरोध मावळला आहे. असं माझं मत.

१५ फेब्रुवारी

कार्यालयात पद्धत आहे: उमेदवारी संपली की नवा माणूस सगळ्या विभागाला तॉक वाटतो, सांभाळून घेतलंत म्हणून. मी आधीच ऑर्डर देऊन टाकली. चौसष्ट खोके. प्रत्येकावर छापील चिठ्ठी: ‘कुंचलाशिखराच्या पायथ्याहून, कृतज्ञतेने, मेंग दासोम’. दुकानदाराने विचारलं, असं शिखर कुठे आहे. मी म्हणाले, २४ तारखेपासून असेल.

समितीची बैठक २४ला. उतावळेपणा नाही हा. छपाईला वेळ लागतो.

२४ फेब्रुवारी, दुपारी १:०५

बैठकीआधी समितीची प्रत्यक्ष पाहणी झाली. घाईत लिहिते आहे, समाजघराच्या चपलांच्या कपाटाशी उभी राहून.

समितीत इतिहासाचे जाणकार म्हणून सनू सर आहेत. निवृत्त मुख्याध्यापक, बहात्तर, मफलर, प्रत्येक कागद दोनदा वाचतात. माझी फाइल (तीनशे बारा पानं) त्यांनी पूर्ण वाचली होती. मला गहिवरून आलं. ते म्हणाले, उमेदवार बाईंनी बाहेर थांबावं, म्हणजे लोक मोकळेपणाने सांगतील. योग्यच आहे. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं.

दार पूर्ण लागलं नव्हतं. सरांनी आज्यांना विचारलं, आपण आज या डोंगराला काय म्हणता?

सातही आज्या एकदम म्हणाल्या. एकीलाही विचार करावा लागला नाही.

“तॉकाचा डोंगर.”

सरांनी विचारलं, का म्हणता. ओकबुन आजींनी सांगितलं की पूर्वी त्याला कोणी काहीच म्हणत नव्हतं, गरजच नव्हती. पण सप्टेंबरपासून त्याचा विषय निघाला की तॉक येतो. आता शनिवारी सकाळी त्या एकमेकींना विचारतात, आज तॉकाचा डोंगर आहे ना?

मी आत जाऊन हे अनौपचारिक बोलणं आहे असं सांगणार होते. तेवढ्यात सेमालला निघायची हाक आली.

त्याच दिवशी, ५:४०

सेमाललाही तेच. शब्दशः तेच. वजन करून समान तॉक दिल्याचा हा परिणाम. थाक काका समितीला म्हणाले, वडिलांचं नाव राहिलं असतं तर बरं होतं; पण खरं विचाराल तर घरात सूनसुद्धा आता ‘तॉकाच्या डोंगरावर धुकं आलंय’ असंच म्हणते. मग त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, आनगोलवाल्यांचंही हेच असेल तर आमची हरकत नाही. साठ वर्षांत दोन गावांचं एका गोष्टीवर एकमत झालं, ते हे. गाडीत दोन सभासद, ओढ्याच्या भांडणापासून अबोला धरलेले, एकमेकांना संत्री सोलून देत होते.

बैठकीत मी हात वर केला. उमेदवारांना बोलायचा अधिकार नसतो, तरी सरांनी बोलू दिलं. मी सांगितलं की हे नाव जुनं नाही. ते माझ्यामुळे, चुकून, तयार झालंय. कुंचलाशिखर हेच खरं नाव.

सनू सरांनी माझी फाइल उघडली, पहिलं पान माझ्याकडे वळवलं.

“तिथले लोक आज जे नाव वापरतात तेच खरं,” त्यांनी वाचून दाखवलं. “बाई, हे अधोरेखित तुम्हीच केलंय.”

मग हळूच विचारलं, कुंचलाशिखर म्हणणारे एकूण किती? मी म्हणाले, दोन. म्हणजे एक आणि मी.

ठराव एकमताने मंजूर. प्रांताकडे जाईल, पण एकमत असलं की वर कोणी हात लावत नाही, असं पांग साहेब म्हणाले. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. इतक्या लवकर इतका सर्वमान्य निकाल त्यांच्या सगळ्या नोकरीत लागला नव्हता, माझ्या मूल्यमापनात तसं लिहिणार आहेत.

२६ फेब्रुवारी

राजपत्राचा मसुदा माझ्याकडेच आला. रकाना: ‘नावाची व्युत्पत्ती’. मी प्रामाणिकपणे लिहिलं: जिल्हा कार्यालयातील उमेदवार मेंग दासोम या भेटीस येताना तॉक आणत, त्यावरून. पांग साहेबांनी परत पाठवलं. जिवंत माणसाचं नाव चालत नाही, नियम दोन.

दुरुस्ती: ‘एक मुलगी तॉक आणत असे, त्यावरून.’

काळही त्यांनीच भरला. ‘पूर्वापार’.

२ मार्च, संध्याकाळी ६:३०

कायम झाले. चौसष्ट खोके आले. चौसष्ट चिठ्ठ्यांवर ‘कुंचलाशिखर’. जे नाव नकाशात नाही ते जमीन-नकाशा विभागाच्या कर्मचाऱ्याने छापून वाटणं योग्य नाही. एकेक चिठ्ठी काट मारून दुरुस्त केली, बाजूला सही आणि तारीख.

सगळ्यांना फार आवडलं. तॉकाच्या डोंगराखालच्या मुलीने तॉक वाटला, काय कल्पक आहे म्हणे. तपासणी विभागाने रिकामा खोका परत पाठवला, ‘नमुना मिळाला’ असा शिक्का मारून.

३ मार्च, सकाळी ८:२०, घरी (रजा, अर्धा दिवस)

एक खोका उरला होता, तो आजोबांसाठी. काल सांगायचा धीर झाला नाही. आज सांगितलं. वचन मोडलं, तुमचं नाव नकाशावर येणार नाही, येणार आहे ते असं असं. माफी: मोजली नाही.

आजोबांनी खोका उघडला. चौकोनी तुकडा हातात धरला, रुंद, गुळगुळीत, कडा जरा गोलसर. खिडकीतून डोंगराकडे पाहिलं. पुन्हा तुकड्याकडे.

“हो,” ते म्हणाले. “मला पहिल्यापासून तसाच दिसायचा.”

मी विचारलं, मग कुंचला का सांगितलंत?

“तॉक सांगितलं असतं, तर तुला भूक लागली असती.”

मी खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात उभी राहिले. नऊ वाजायचे होते. मान थोडी उजवीकडे वळवली. बराच वेळ.

आजोबांनी विचारलं, जेवलीस का. मी नाही म्हणाले. मग दोघांनी तिथेच बसून खोका संपवला.

‘आकार’ हा रकाना अजून तसाच राहिलाय. दुपारी कार्यालयात गेले की आधी तो दुरुस्त करते.